एका आजाराची तीन खाती

गुजरीतील एखादे सराफी दुकान डोळ्यांसमोर आणावे. लग्नसराई ऐन भरात आहे. पंचावन्नीचे शेठजी गादीवर बसून गिऱ्हाइकाला पाटल्यांची जोडी दाखवीत आहेत. सकाळपासून त्यांचा डावा कान दडपल्यासारखा झाला आहे. आंबा घाट चढताना कानाला दडे बसतात, तसा. कानाच्या आत दूर कुठेतरी पिठाची गिरणी चालू असल्यासारखी घरघर आहे. आणि एकाएकी काचेची कपाटे, तिजोरी, समोरची माणसे, सारे काही एका दिशेने गरगर फिरू लागते. शेठजी गादीला घट्ट धरून डोळे मिटतात, तरी फिरणे थांबत नाही. घाम सुटतो, उलटी होते. दोन मुनीम त्यांना आतल्या खोलीत नेऊन निजवितात. दोन-अडीच तासांनी वादळ ओसरते, आणि संध्याकाळी थकलेले परंतु पूर्ण शुद्धीतले शेठजी घरी जातात. समोरच्या दुकानात मात्र कुजबुज सुरू झालेली असते.

पुढचे वर्ष कसे जाते तेही बहुतेक घरांना ठाऊक आहे. फॅमिली डॉक्टर रक्तदाब पाहतात. तो किंचित वाढलेला असतो, कारण भेदरलेल्या माणसाचा तो वाढतोच. एक गोळी सुरू होते. पुढच्या खेपेस मानेचा एक्स-रे निघतो. त्यात मणक्यांची झीज दिसते, जी पन्नाशीनंतर बहुतेकांच्या मानेत दिसते. मानेला पट्टा येतो. ऐकू कमी येते म्हणून कधीतरी वेगळ्याच डॉक्टरांकडे जाऊन कानातील मळ काढला जातो. कानातल्या घरघरीविषयी तर शेठजी कोणाशीच बोलत नाहीत. लोक वेड्यात काढतील ही भीती. थोडक्यात, चक्कर एका खात्यावर, बहिरेपणा दुसऱ्या खात्यावर आणि कानातला आवाज कोणत्याच वहीत नाही, अशा रीतीने एकाच आजाराची नोंद तीन ठिकाणी विखुरते. ही खाती कोणी एकत्र मांडत नाही, म्हणून ताळा जुळत नाही.

हे शेठजी काल्पनिक आहेत. त्यांचा आजार काल्पनिक नाही. त्याला मेनियेरचा आजार म्हणतात. चक्कर, एका कानाचा कमीअधिक होणारा बहिरेपणा, आणि त्याच कानातील आवाज व दडपलेपण, ही त्याची लक्षणे. यांपैकी एकेक लक्षण दहा कारणांनी उद्भवू शकते. ती सारी एकाच माणसाला, एकाच काळात, एकाच कानाच्या संगतीने होऊ लागली, तर मात्र संशयाची दिशा ठरून जाते.

विखुरलेली नोंद ही केवळ आपल्याकडची उणीव नव्हे. आपल्या प्राचीन वैद्यकात कर्णनाद व बाधिर्य यांचे वर्णन सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कर्णरोगांमध्ये येते, तर भ्रम, म्हणजे चक्कर, चरकाच्या वातविकारांच्या यादीत सापडते. युरोपातही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अशा चकरेला मेंदूत रक्त साचल्याचे लक्षण मानीत, आणि उपचार म्हणून रोग्याच्या अंगावर जळवा लावीत अथवा शीर कापून रक्त काढीत. प्रॉस्पर मेनियेर हा पॅरिसमधील मूकबधिरांच्या संस्थेचा १८३८ पासूनचा प्रमुख वैद्य. कर्णबधिरांच्या सहवासात वर्षे काढल्यामुळे त्याच्या ध्यानात एक गोष्ट आली होती : मेंदूचे रोगी म्हणून ज्यांचे रक्त काढले जाते, त्यांतील कित्येकांचा हात-पाय लुळा पडत नाही, बोलणे अडखळत नाही, बुद्धी ढळत नाही, बिघडते ते फक्त ऐकणे. ८ जानेवारी १८६१ रोजी पॅरिसच्या वैद्यक अकादमीपुढे त्याने निबंध वाचला आणि या चकरेचे मूळ मेंदूत नसून कानाच्या अगदी आतल्या भागात आहे, असे मांडले. मोठ्या मंडळींनी त्याचे फारसे स्वागत केले नाही. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १८६२ मध्ये, तो वारला. आजाराला त्याचे नाव मिळाले ते त्यानंतर.

मेनियेरला आधार होता तो फ्लूरांस या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या १८२० च्या दशकातील प्रयोगांचा. कानातील सूक्ष्म नलिका कापल्यावर कबुतरे भिंगरीसारखी स्वतःभोवती फिरत राहतात, असे त्याला आढळले होते. अहिंसा ज्यांच्या घरात पाळण्यातूनच शिकविली जाते, त्यांना हे वाचून क्लेश होणे स्वाभाविक आहे. आजच्या रुग्णाला मिळणाऱ्या ज्ञानामागे त्या मुक्या जीवांची वेदना आहे, एवढे स्मरण तरी असावे.

आता कानाच्या आत डोकवावे. बाहेरून दिसणारी पाळी आणि पडदा यांच्या पलीकडे, कवटीच्या अतिशय कठीण हाडात, अंतर्कर्ण दडलेला आहे. त्याचा एक भाग गोगलगायीच्या शंखासारखा सुमारे पावणेतीन वेढ्यांचा. तो ऐकण्याचे काम करतो. दुसरा भाग तोलाचा : परस्परांशी काटकोनात असलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका, त्यांच्या बुडाशी दोन लहान पिशव्या. हे सारे मिळून एकच जलमय घर आहे. हाडाच्या भिंतीला लागून एक द्रव, आणि त्यात तरंगणाऱ्या नाजूक पापुद्र्याच्या नळीत दुसरा. बाहेरच्या द्रवात सोडियम अधिक, तर आतल्या द्रवात, ज्याला अंतर्लसीका म्हणतात, पोटॅशियम अधिक. ही अंतर्लसीका सतत तयार होते आणि सतत निचरून जाते. मेनियेरच्या आजारात ती प्रमाणाबाहेर साचते व नळी फुगते. १९३८ मध्ये लंडनच्या हॉलपाइक व केर्न्स यांनी आणि त्याच वर्षी जपानमधील ओसाकाच्या यामाकावा यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, मृत रुग्णांच्या कानाच्या हाडाचे सूक्ष्म छेद पाहून ही फुगवण दाखवून दिली. ती का होते, याचे निश्चित उत्तर वैद्यकाजवळ अद्याप नाही.

शंख आणि नलिका यांत हाच द्रव खेळत असल्यामुळे एक बिघडला की दुसरा बिघडतो, हे आता सहज समजेल. गरगरण्याचे कारण समजून घ्यायला मात्र व्यापाऱ्याला तराजूहून चांगले उदाहरण नाही. डावा आणि उजवा कान ही दोन पारडी. दोहोंकडून मेंदूकडे अखंड वर्दी जात असते आणि मेंदू त्यांची तुलना करीत असतो. डोके डावीकडे वळले की एका पारड्यात भर, दुसऱ्यात घट. त्यावरून हालचाल कळते. एका कानाची वर्दी एकाएकी बिघडली, तर काटा झुकतो, आणि माणूस निश्चल बसलेला असूनही मेंदू त्याचा अर्थ "आपण फिरतो आहोत" असा लावतो. डोळेही त्या खोट्या वर्दीमागे धावतात; झटक्याच्या वेळी बुबुळे एका बाजूस झटके देताना घरच्यांनाही दिसतात. त्या क्षणी कोणी मोबाइलवर डोळ्यांचे चित्रीकरण करून ठेवले, तर पुढे तपासणाऱ्या डॉक्टरांना ते फार मोलाचे ठरते.

जुने सराफ चांदीचा रुपया दगडावर वाजवून घेत. खणखणीत वाजला तर खरा, बद्द वाजला तर खोटा. या आजारात बिघडलेल्या कानाला खरा रुपयाही बद्द वाजल्यासारखा भासू शकतो, कारण एकच सूर दोन कानांना दोन निरनिराळ्या पट्ट्यांत ऐकू येण्याचा प्रकार यात आढळतो. आरंभी जाते ते खर्जातले, जाड स्वरांचे ऐकणे. म्हातारपणाच्या बहिरेपणात त्याच्या उलट पातळ, तीव्र स्वर आधी जातात. शिवाय कमी ऐकणारा हाच कान मोठ्या आवाजाने मात्र कळवळतो. भांड्यांच्या दुकानात पातेले पडले की शेठजी कान दाबून धरतात, आणि मुलगा हळू बोलला तर त्यांना कळत नाही. घरच्यांना वाटते, ऐकायचे तेवढे बरोबर ऐकतात! हा गैरसमज कित्येक घरांत विनाकारण कटुता निर्माण करतो.

हे ऐकणे आज कमी, उद्या पूर्ववत, असे काही काळ खालीवर होत राहते. इथेच निदान हुकते. कान बरा वाटू लागल्यावर माणूस तपासणीस जातो आणि आलेख जवळजवळ स्वच्छ येतो. मग सारे जण म्हणतात, कान ठीक आहे, मणक्याचेच असणार. म्हणून ज्या दिवशी कान दडपलेला आहे, आवाज वाढला आहे, त्याच दिवशी अथवा झटका ओसरताच दुसऱ्या दिवशी श्रवणचाचणी करून घ्यावी, आणि आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा. दोन्ही आलेख जपून ठेवावेत. एका कानाच्या खालच्या स्वरांत पडलेला आणि पुन्हा सावरलेला हा खड्डा कागदावर आला, की दहा महागड्या तपासण्यांनी जे होत नाही ते होते. ही चाचणी साधी आहे. कोल्हापुरात छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयासारख्या सरकारी रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागाकडे त्याबाबत विचारणा करता येते, आणि अधिक खोल तपासणीसाठी मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे.

वैद्यकाने निदानाचे निकष २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर निश्चित केले, ते सामान्य वाचकालाही कळण्याजोगे आहेत. आपोआप येणारे किमान दोन झटके, प्रत्येक वीस मिनिटांपासून बारा तासांपर्यंत टिकणारा. एका कानाच्या खालच्या अथवा मधल्या स्वरांत चाचणीने सिद्ध झालेला बहिरेपणा. त्याच कानात कमीअधिक होणारे आवाज वा दडपण. आणि या साऱ्याचा दुसऱ्या कोणत्या आजाराने अधिक चांगला उलगडा होत नसणे. यातले घड्याळ फार महत्त्वाचे. गादीवर कूस बदलताच जग फिरते आणि मिनिटाच्या आत थांबते, ऐकण्यात काही फरक नाही, तर तो मेनियेर नव्हे; कानातील सूक्ष्म खडे जागचे हलल्याने होणारा तो दुसरा आणि अधिक आढळणारा विकार असतो. जाणकार डॉक्टर डोके विशिष्ट क्रमाने वळवून तो बहुधा टेबलावरच बरा करतात. चक्कर सलग दोन-तीन दिवस राहिली आणि कान शाबूत असला, तर तोलाच्या मज्जातंतूची सूज असू शकते. अर्धशिशी असणाऱ्यांना डोके न दुखताही चक्कर येते. एका कानाचाच बहिरेपणा असेल, तर श्रवणाच्या मज्जातंतूवर गाठ नाही ना, हे पाहण्यासाठी डॉक्टर एमआरआय सांगतात. तो अनावश्यक खर्च समजून टाळू नये.

दोन प्रसंगी तर हा लेख बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठावे. चकरेबरोबर बोलणे अडखळणे, तोंड वाकडे होणे, एकाची दोन चित्रे दिसणे, हातापायातील बळ जाणे, किंवा आधार देऊनही उभे राहता न येणे, ही पक्षाघाताची चिन्हे होत. तेथे तास नव्हे, मिनिटे मोलाची. आणि एक कान एकाएकी, रात्रीतून, बंद पडला, तर मळ असेल म्हणून आठवडाभर थेंब घालीत बसू नये. त्यावरचे स्टेरॉइडचे उपचार लवकर सुरू झाले तरच उपयोगाची शक्यता अधिक.

थेंबांचा विषय निघालाच आहे. आपल्याकडे कानाला काही झाले की कोमट तेल सोडण्याची रीत आहे. पडद्याला छिद्र असेल तर तेल आत जाऊन संसर्ग होतो, आणि द्रव थंड वा ऊन असेल तर त्यानेच चक्कर उठते. कान धुताना पाणी थंड असले की रोग्याला गरगरते, या तक्रारीकडे लक्ष देऊनच रॉबर्ट बारानी या व्हिएन्नाच्या वैद्याने तोल तपासण्याची रीत शोधली आणि त्याला १९१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. वार्ता आली तेव्हा तो रशियाच्या युद्धकैद्यांच्या छावणीत होता. त्याची ऊन-गार पाण्याची चाचणी आजही केली जाते. असो.

उपचारांविषयी स्पष्ट बोलणे आवश्यक आहे, कारण "खात्रीशीर इलाज" विकणारे याच आजाराच्या वाटेवर अधिक भेटतात. झटक्याच्या वेळी उलटी व गरगरणे शमविणाऱ्या गोळ्या असतात. त्या दोन-तीन दिवसांपुरत्याच घ्यायच्या. आपल्याकडे मात्र औषधांच्या दुकानातून त्याच गोळ्या महिनोन्महिने आणून घेणारे वृद्ध दिसतात. प्रोक्लोरपेराझिन अथवा सिनारिझिन यांसारखी औषधे दीर्घकाळ घेतल्यास हातांना कंप सुटणे, चाल मंदावणे असे परिणाम होऊ शकतात, आणि मेंदूची तोल सावरण्याची स्वाभाविक क्रियाही मंदावते. म्हणजे चक्कर थांबविण्यासाठी घेतलेली गोळीच माणसाला डळमळीत ठेवते. कपाटातील जुनी चिठ्ठी काढून एकदा तारीख पाहावी.

झटके कमी व्हावेत म्हणून सर्वत्र दिले जाणारे औषध म्हणजे बीटाहिस्टीन. जर्मनीतील चौदा केंद्रांत २२१ रुग्णांवर त्याची नऊ महिने कसोटी झाली. निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. कमी मात्रा, अधिक मात्रा आणि नुसती लटकी गोळी, असे तीन गट होते. तिन्ही गटांतील झटके कमी झाले, आणि जवळजवळ सारखेच झाले. त्यापूर्वी १९८१ मध्ये डेन्मार्कमध्ये तीस रुग्णांवर असाच प्रयोग झाला होता : निम्म्यांवर साचलेला द्रव वाहून नेण्याची शस्त्रक्रिया, निम्म्यांचे कानामागचे हाड केवळ उघडून बंद केले. आराम दोघांनाही पुष्कळ पडला. त्या निष्कर्षांच्या अर्थावर पुढे वाद झाले, तरी या साऱ्यातून एक गोष्ट उघड होते की हा आजार स्वतःच भरती-ओहोटीचा आहे. झटके काही महिने दाटून येतात आणि मग वर्ष-वर्ष फिरकत नाहीत. ओहोटीच्या वेळी जो ताईत, जे चूर्ण अथवा जी गोळी हाती असेल, श्रेय तिला जाते. याचा अर्थ डॉक्टरांनी दिलेले औषध स्वतःहून सोडावे असा मुळीच नाही. कोणाचेही प्रशंसापत्र वाचून पैसे मोजू नयेत, एवढाच आहे.

औषधांनी न आवरणाऱ्यांसाठी पडद्यातून मध्यकर्णात सुई देण्याचा मार्ग आहे. स्टेरॉइडची सुई ऐकण्याला बहुधा धोका करीत नाही. जेंटामायसिनची सुई बिघडलेल्या कानाची तोलाची वर्दीच क्षीण करते. खोटी वर्दी देणारे पारडे काढून टाकावे, तसे. झटके थांबतात, परंतु उरलेले ऐकणे जाण्याची जोखीम असते. आजार काही रुग्णांत वर्षांनंतर दुसऱ्या कानातही शिरतो, म्हणून हा निर्णय घाईने घेऊ नये. दोन झटक्यांच्या मधल्या काळात तोल डळमळत राहिला, तर तोलाचे व्यायाम शिकविले जातात आणि ते नेटाने केल्यास लाभ होतो. ऐकणे कायमचे उतरले असेल, तर श्रवणयंत्र. चष्मा लावणारा समाज श्रवणयंत्राला लाजतो, हे कोडेच आहे.

आहारात सर्वांत अधिक सांगितले जाते ते मीठ कमी करणे. याचाही भक्कम पुरावा नाही, परंतु अपाय नाही आणि रक्तदाबालाही हितकर, म्हणून तज्ज्ञ ते सांगतात. सर्वसाधारण मर्यादा दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर. आणि त्यात सारे आले. आपल्या घरांत भाजीतले मीठ मोजले जाते, पण पापड, लोणचे, खाकरा, शेव, चिवडा आणि गप्पांबरोबर संपणारे भडंग मोजले जात नाही. पापडखार हेही सोडियमच. सैंधव हे उपवासाचे म्हणून निराळे, ही समजूत चुकीची. तेही बहुतांशी तेच मीठ. कमी सोडियमचे म्हणून मिळणाऱ्या मिठात पोटॅशियम असते, आणि मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी व रक्तदाबाची काही औषधे घेणाऱ्यांनी ते विचारल्याविना घेऊ नये.

रसपरित्यागात मीठ सोडण्याची परंपरा आपल्याकडे आहे, त्यामुळे अळणी जेवणाचे भय आपल्या घरांना नसावे. वैद्यकाची अपेक्षा मात्र किंचित निराळी आहे : एक दिवस पूर्ण अळणी आणि पारण्याला दुसऱ्या दिवशी फरसाणाची ताटली, असे हेलकावे नकोत, रोज थोडे आणि रोज सारखे. चौविहार पाळणाऱ्यांनी औषध लिहून घेतानाच सूर्यास्ताची अट सांगावी. दिवसातून तीनदा म्हटलेली गोळी सूर्यास्तापूर्वी बसविता येते का, हे डॉक्टर ठरवू शकतात. न सांगता रात्रीची मात्रा गाळणे बरे नव्हे. लघवी वाढविणारे औषध चालू असताना निर्जल उपवास करणे तर धोक्याचे आहे. पर्युषणापूर्वी हा प्रश्न डॉक्टरांसमोर आणि गुरुमहाराजांसमोर, दोन्हीकडे, मोकळेपणाने मांडावा.

मोकळेपणाचीच खरी अडचण आहे. भर बाजारात माणूस झोकांडी खातो, तेव्हा पाहणारा पहिला तर्क कोणता करतो हे सांगायला नको, आणि ज्या घरात मद्य शिवले जात नाही तेथे तो तर्क जिव्हारी लागतो. मग दुकानात जाणे कमी होते. शेठजींची प्रकृती ठीक नाही हे कळले तर उधारी देणारे हात आखडतील, मुलीची सोयरीक अडेल, अशा विचारांनी घर ओठ मिटून बसते. हा आजार संसर्गजन्य नाही. बहुतेक रुग्णांत तो वंशपरंपरेने आलेला नसतो. थोड्या कुटुंबांत मात्र एकाहून अधिकांना होतो. त्याने आयुष्य कमी होत नाही. विम्याच्या प्रस्तावातही तो लपवू नये; लपविलेला आजार दाव्याच्या वेळी नेमका उघड होतो आणि हप्ते भरूनही हाती काही लागत नाही. अपंगत्वाच्या प्रमाणपत्राची अपेक्षा मात्र बहुतेकांनी ठेवू नये. २०१६ च्या कायद्यानुसार दोन्ही कानांत किमान ६० डेसिबलची श्रवणहानी लागते, आणि हा आजार बहुधा एका कानाचा.

लपविण्याचा मोह मोठमोठ्यांनाही झाला आहे. १९६१ मध्ये अंतराळात गेलेला पहिला अमेरिकी ॲलन शेपर्ड याला दोन-अडीच वर्षांतच या आजाराने गाठले. एक कान बहिरा होत चाललेला, चकरा येणारा माणूस यानात बसवता येत नाही, म्हणून त्याचे उड्डाण थांबले आणि तो कचेरीत बसून इतरांच्या उड्डाणांची व्यवस्था पाहू लागला. १९६८ मध्ये लॉस एंजेलिसला डॉक्टर विल्यम हाउस यांच्याकडे त्याने शस्त्रक्रिया करून घेतली, आणि बोभाटा नको म्हणून रुग्णालयात खोटे नाव नोंदविले. पुढल्या वर्षी त्याला उड्डाणाची परवानगी परत मिळाली आणि फेब्रुवारी १९७१ मध्ये, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, तो चंद्रावर चालला. तेथे त्याने गोल्फचे चेंडूही टोलविले. वर सांगितलेल्या डेन्मार्कच्या प्रयोगानंतर त्या शस्त्रक्रियेचे श्रेय किती आणि ओहोटीचे किती, हे कोणी सांगू शकणार नाही. चंद्रावर तोल सांभाळला, एवढे मात्र खरे.

काही रुग्णांत, विशेषतः आजार जुना झाल्यावर, चक्कर न येताच कोणी मागून ढकलल्यासारखा माणूस एकदम कोसळतो. शुद्ध हरपत नाही, लगेच उठूनही बसतो. टुमार्किन या वैद्याने १९३६ मध्ये याचे वर्णन केले. असे एकदा जरी झाले असेल, तर डॉक्टरांनी सांगेपर्यंत दुचाकीची आणि मोटारीची किल्ली मुलाकडे द्यावी. माळ्यावरचा माल काढायला शिडीवर चढू नये. कोल्हापूरकराला पोहणे सोडवत नाही, तरीही एकट्याने पाण्यात उतरू नये. पाण्याखाली वर कुठे आणि खाली कुठे, हे सांगणारा अवयवच बिघडलेला असतो. रात्री स्नानगृहाच्या वाटेवर मंद दिवा असावा, कारण अंधारात डोळ्यांचाही आधार जातो. देरासरात खाली वाकून वंदन करताना जवळ भिंत असावी.

आणि दुकानात एक लहान वही ठेवावी. तारीख, चक्कर किती वाजता सुरू झाली व किती वाजता थांबली, कोणता कान, त्यात आवाज कसा होता, ऐकू कमी आले का, आदल्या दिवशीचे जेवण व झोप, एवढे रकाने पुरेत. रोजमेळ लिहिणाऱ्या हातांना हे जड नाही, आणि तीन खाती एकत्र येतात ती याच पानावर. गादीची मांडणीही तेवढी बदलावी : बिघडलेला कान भिंतीकडे, चांगला कान गिऱ्हाइकाकडे.